शेवटची तीस मिनिटं

पुण्यावर पावसाचे ढग उतरले की चाकण एमआयडीसीतल्या ऑफिसांत फोनाफोनी सुरू होते. दिल्लीहून सकाळी निघालेलं विमान लोहगावला उतरलंच नाही, मुंबईला गेलं. ऑडिटला येणारे साहेब तिथे विमानातच बसून आहेत, त्यांना आणायला गेलेली गाडी लोहगावच्या पार्किंगमध्ये उभी आहे आणि इकडे सगळी तयारी करून माणसं ताटकळली आहेत. साहेबांचा निरोप बहुतेक वेळा सारखाच असतो: पुण्यावर थोडा वेळ घिरट्या घातल्या, मग पायलट म्हणाला, इंधनाचा विचार करता आता थांबता येणार नाही. ऐकणाऱ्याच्या मनात येतं, एवढं मोठं विमान, आणि टाकी फुल्ल करून का निघत नाही?

पिंपरी, आकुर्डी, चाकण हा गाड्या बनवणारा मुलूख. टाकी आणि ॲव्हरेज यांची भाषा इथे सगळ्यांना येते, त्यामुळे हा प्रश्न इथे पडणारच. उत्तराचा पहिला भाग वजनाचा आहे.

एअरबस ए३२० या नेहमीच्या विमानाच्या टाक्यांत साधारण एकोणीस टन इंधन मावतं. विमानात इंधनाचा हिशेब लिटरमध्ये करत नाहीत, किलोत करतात. तापमानाप्रमाणे इंधन प्रसरण पावतं, लिटर बदलतात, पण ऊर्जा मिळते ती वजनाच्या प्रमाणात आणि विमानाला उचलायचं असतं तेही वजनच. दिल्ली ते पुणे या दोन तासांच्या उड्डाणात पाच टनांच्या आसपास इंधन जळतं. उरलेलं चौदा टन नुसतं सोबत घेतलं तर ते वाहून नेण्यासाठीच इंधन खर्च होतं. ढोबळ मानाने, जादा घेतलेल्या इंधनातला तीन-चार टक्के भाग दर तासाला केवळ ते जादा इंधन उचलून धरण्यात संपतो. शिवाय उतरताना विमानाचं वजन ठरावीक मर्यादेच्या आत असावं लागतं. लोहगावची मुख्य धावपट्टी २,५३५ मीटरची. पावसात भिजलेल्या धावपट्टीवर जड विमान थांबवायला जास्त अंतर लागतं. म्हणजे फुल्ल टाकी घेऊन आलेलं विमान लोहगावला अधिक सुरक्षित असतं असं मुळीच नाही.

जास्त घ्यावं तर वजन, कमी घ्यावं तर जीव. या दोन टोकांच्या मधली रेषा कंपनीच्या काटकसरीवर किंवा एखाद्या पायलटच्या स्वभावावर सोडलेली नाही, ती कायद्याने आखली आहे. १९४४ च्या शिकागो करारातून इकाओ ही आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली. त्या कराराच्या सहाव्या परिशिष्टात इंधनाचे किमान निकष आहेत. भारतात ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, आपल्या सीएआर या नियमावलीतून लागू करतं. पूर्वी या सगळ्याच्या मुळाशी १९३४ चा विमान कायदा होता. १ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली.

नियम काय सांगतो ते दिल्ली-पुणे उड्डाणावरच पाहू. आकडे समजण्यापुरते, ढोबळ आहेत. खरे आकडे त्या दिवसाचा वारा, प्रवासी, सामान आणि विमानाचं वय यांवर ठरतात. दिल्लीत गेटपासून धावपट्टीपर्यंत रांगेत सरकत जायला दोन-तीनशे किलो लागतात. दिल्लीतून उड्डाण करून पुण्यात टेकेपर्यंतचं प्रवासाचं इंधन, पाच टन. वाऱ्याचा अंदाज चुकला, हवी ती उंची मिळाली नाही, वादळाला वळसा घालावा लागला, तर त्यासाठी प्रवासाच्या इंधनाच्या पाच टक्के, म्हणजे अडीचशे किलो. हा झाला आकस्मिक साठा. मग पर्यायी विमानतळाचं इंधन: पुण्यात उतरायचा प्रयत्न केला, जमलं नाही, पुन्हा वर चढून दुसरीकडे जायचं आणि तिथे उतरायचं. पर्याय मुंबई धरला तर सव्वा टनाच्या आसपास. आणि सगळ्यांत शेवटी अंतिम राखीव साठा: विमानतळावर ४५० मीटर उंचीवर घिरट्या घालत तीस मिनिटं काढता येतील एवढं इंधन. ए३२० साठी ते अकराशे-बाराशे किलो होतं. या सगळ्याची बेरीज आठ टनांच्या आसपास जाते. याहून कमी इंधन घेऊन निघणं बेकायदा. याहून जास्त हवं असेल तर वैमानिकाने मागावं, तो निर्णय त्याचा. पावसाळ्यात पुण्याला येणारा जाणता कॅप्टन ते मागतोच.

या यादीतला शेवटचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आकुर्डीत बनलेल्या बजाज चेतकवर ज्यांनी वर्षं काढली, त्यांना पेट्रोलचा कॉक आठवत असेल. स्कूटर आचके द्यायला लागली की हात खाली नेऊन कॉक रिझर्व्हवर फिरवायचा आणि त्या पेट्रोलवर पंप गाठायचा. ते पेट्रोल वापरण्यासाठीच ठेवलेलं असे. विमानातल्या अंतिम राखीव साठ्याचा नियम याच्या नेमका उलट आहे. ते इंधन टाकीत शिल्लक असतानाच चाकं जमिनीला टेकली पाहिजेत. त्याच्यावर बेत आखायचा नाही, त्याच्या भरवशावर आणखी एक घिरटी घालायची नाही. पायलटच्या लेखी टाकीतला हा भाग नसल्यासारखाच असतो.

तीस मिनिटं म्हटलं तर पुष्कळ वाटतात. पण उतरता उतरता पुढचं विमान धावपट्टीवर अडकलं, तर पुन्हा वर चढून, पूर्ण वळसा घेऊन परत रांगेत येण्यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. म्हणजे शेवटच्या विमानतळावर, सगळे बेत संपल्यावरही, आणखी एक किंवा फार तर दोन प्रयत्न करता यावेत एवढीच ती शिदोरी. नियम मिनिटांत लिहिण्यातही शहाणपण आहे. किलोत लिहिला असता तर प्रत्येक विमानासाठी वेगळा कायदा करावा लागला असता. मिनिटांत असल्यामुळे लहान एटीआर आणि अजस्र बोइंग ७७७ दोघांनाही तोच लागू पडतो, प्रत्येकाने आपल्या इंजिनाप्रमाणे किलो काढायचे. पिस्टन इंजिनाच्या विमानांना मात्र पंचेचाळीस मिनिटं ठेवावी लागतात.

आता लोहगाव. हा मुळात हवाई दलाचा तळ आहे, नागरी विमानं तिथे पाहुणी. नवी टर्मिनल इमारत जुलै २०२४ मध्ये सुरू झाली, बसायला जागा वाढली, पण मोठ्या प्रवासी विमानांसाठी व्यवहारात धावपट्टी एकच राहिली. तिचं काम करायचं म्हटलं की शहराचा हवाई मार्गच बंद. ऑक्टोबर २०२१ मध्ये डांबरीकरणासाठी विमानतळ १६ तारखेपासून दोन आठवडे पूर्ण बंद ठेवला होता, ते पिंपरी-चिंचवडच्या निर्यातदारांना नीट आठवत असेल. लढाऊ विमानाचं टायर फुटलं, धावपट्टीवर पक्षी आले, कुत्रा शिरला, ढग खाली उतरले, कारण कोणतंही असो, परिणाम एकच: वर आलेल्या विमानांना उतरायला दुसरी पट्टी नाही.

इंधनाच्या कायद्यात या गोष्टीला फार किंमत आहे. काही ठिकाणी पर्यायी विमानतळ न धरता निघायची मुभा नियमात आहे. मात्र त्यासाठी पोहोचण्याच्या वेळेच्या आगेमागे तासभर हवा स्वच्छ असण्याची खात्री हवी आणि मुक्कामाच्या ठिकाणी एकमेकींपासून स्वतंत्र वापरता येतील अशा धावपट्ट्या हव्यात. तेव्हाही पंधरा मिनिटं घिरट्या घालण्याइतकं जादा इंधन घ्यावं लागतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत लोहगावच्या बाबतीत ही मुभा डोक्यातूनही काढून टाकावी. इथे येणाऱ्याने दुसरं दार उघडं ठेवूनच निघायचं.

दुसरं दार कोणतं, ही गमतीची नव्हे, खऱ्या जोखमीची निवड आहे. नकाशावर मुंबई सगळ्यांत जवळ, सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पण जो मोसमी ढग पुण्यावर आहे, तोच बऱ्याचदा घाटापलीकडे मुंबईवरही असतो, आणि मुंबईच्या आकाशातली गर्दी तर रोजचीच. पर्यायी विमानतळ म्हणून कागदावर नाव लिहायला तिथला हवामानाचा अंदाज आपल्या पोहोचण्याच्या वेळेला किमान मर्यादेपेक्षा चांगला असावा लागतो. तो नसेल तर हैदराबाद धरायचं, किंवा अहमदाबाद. हैदराबाद पाचशे किलोमीटर. मग पर्यायी इंधन सव्वा टनावरून सव्वादोन-अडीच टनांवर जातं आणि दिल्लीतून निघतानाच विमान नऊ टनांच्या पुढे भरावं लागतं. हे काम एअरलाइनच्या ऑपरेशन्स कक्षात बसलेला डिस्पॅचर करतो. प्रवाशाला त्याचं तोंडही दिसत नाही. पण पुण्यावर किती वेळ थांबता येईल, हे त्याने सकाळी कागदावर जो पर्याय लिहिला त्यावरच मोठ्या प्रमाणात ठरलेलं असतं.

आणि इथेच 'आणखी थोडा वेळ का थांबला नाही' याचं उत्तर आहे. पुण्यावर घिरट्या घालणाऱ्या पायलटसमोर एक आकडा असतो: पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन अधिक तीस मिनिटांचा साठा. टाकीतला काटा त्या आकड्यापर्यंत आला की निघायचंच. त्या क्षणी टाकीत अडीच-तीन टन इंधन असतं, म्हणजे तासाभराहून जास्त उडता येईल. तरीही ते इंधन पुण्यासाठी उरलेलं नसतं. समोर ढगात फट दिसत असली, मागे दीडशे माणसं उसासे टाकत असली, तरी वळायचं. हे वळणं म्हणजे अपयश नव्हे. तिथे कायदा जसा अभिप्रेत आहे तसा पाळला जात असतो.

इथे चाकणच्या विमानतळाची आठवण निघतेच. पुण्याचा नवा विमानतळ चाकण परिसरात होणार, मग खेड तालुक्यात होणार, असं या भागाने वर्षानुवर्षं ऐकलं. शेतकऱ्यांचा विरोध झाला, डोंगरांचा अडथळा निघाला, आणि २०१६ मध्ये सरकारने पुरंदरची घोषणा केली. तिथेही पारगाव मेमाणे, खानवडी, कुंभारवळण, वनपुरी या गावांनी जमिनीचा प्रश्न लावून धरला. अनेकांना वाटतं, दुसरा विमानतळ असता तर विमानं मुंबईला जाण्याची कटकटच मिटली असती. अर्धं खरं आहे. लोहगावची पट्टी अडली तर शेजारचा विमानतळ धावून आला असता आणि पर्यायी इंधन बरंच कमी लागलं असतं. पण ढगांच्या बाबतीत तीस-चाळीस किलोमीटरवरचा शेजारी काय कामाचा? लोहगावला दिसत नाही तेव्हा चाकणला किंवा सासवडलाही बहुधा दिसत नाही. चांगला पर्याय तो, ज्याचं आभाळ आपल्यापेक्षा वेगळं आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेल्या नवी मुंबईच्या विमानतळालाही हेच लागू आहे.

इंधन कमी पडतं तेव्हा ते कोणत्या शब्दांत सांगायचं, हेही आता नियमाने ठरवलेलं आहे, आणि त्यामागे फार मोठी किंमत मोजलेली आहे. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियातल्या मेदेयीनहून निघालेलं एव्हियांकाचं ५२ क्रमांकाचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कजवळ पोहोचलं. हवा खराब होती. त्याला तीन वेगवेगळ्या ठिकाणी मिळून तासाहून जास्त वेळ घिरट्या घालायला लावल्या. चालक दलाने प्राधान्य मागितलं, इंधन संपत आलंय असंही सांगितलं. पण 'इमर्जन्सी' हा शब्द कोणी उच्चारला नाही. ऐकणाऱ्या नियंत्रकाला दर संध्याकाळी दहा विमानं इंधनाची घाई सांगत असणार, त्याने याही विमानाला रांगेतच ठेवलं. पहिला उतरण्याचा प्रयत्न फसला, दुसऱ्यासाठी वळसा घेताना एकेक करून चारही इंजिनं बंद पडली. लाँग आयलंडवरच्या कोव्ह नेक गावात विमान कोसळलं. १५८ पैकी ७३ माणसं गेली.

नम्रतेने, आडून सांगितलेली गोष्ट रेडिओवर पोहोचत नाही. म्हणून इकाओने २०१२ मध्ये दोन ठरीव वाक्यं पक्की केली. पहिलं, 'मिनिमम फ्युएल'. याचा अर्थ: मी या एका विमानतळावर उतरायचं पक्कं केलंय, आता आणखी उशीर झाला तर राखीव साठ्यात हात घालावा लागेल. यात प्राधान्याची मागणी नाही, फक्त पूर्वसूचना आहे. दुसरं, 'मेडे, मेडे, मेडे, फ्युएल'. जवळच्या सुरक्षित विमानतळावर टेकेपर्यंत तीस मिनिटांचा साठा फुटणार असं हिशेबात दिसलं, की हे म्हणावंच लागतं. इंजिन बंद पडण्याची वाट बघायची नाही, साठा फुटेपर्यंतही थांबायचं नाही. तो फुटणार एवढं दिसणं पुरेसं आहे. पायलटला संकोच वाटू नये म्हणून निर्णय त्याच्या स्वभावातून काढून आकड्यावर ठेवला, हे मला या नियमातलं सर्वांत माणुसकीचं कलम वाटतं.

आपल्याकडेही याची गरज पडली आहे. १८ ऑगस्ट २०१५ च्या पहाटे दोह्याहून कोचीला आलेल्या जेट एअरवेजच्या बोइंग ७३७ ने कोचीत तीनदा उतरण्याचा प्रयत्न केला. धुरकट हवेत धावपट्टी दिसेना. मग ते तिरुवनंतपुरमला गेलं, तिथेही प्रयत्न फसत गेले आणि शेवटी अंधूक दृश्यमानतेतच ते टेकलं. टाकीत उरलं होतं साडेतीनशे किलोच्या आसपास इंधन, जिथे हजाराहून जास्त असायला हवं होतं. सगळे वाचले. १९ जून २०२५ ला गुवाहाटीहून चेन्नईला निघालेल्या इंडिगोच्या विमानाला चेन्नईत उतरता आलं नाही. बंगळुरूकडे जाताना कॅप्टनने इंधनासाठी मेडे दिला आणि तिथे विमान सुखरूप उतरलं. बातम्यांत ही 'थरारक सुटका' म्हणून छापून आली. माझ्या मते या दोन घटना एका माळेत ओवू नयेत. कोचीच्या प्रसंगात इंधन असताना वळण्याची वेळ हातातून गेली. बंगळुरूच्या प्रसंगात वैमानिकाने जे बोलायचं ते वेळेवर, ठरलेल्या शब्दांत बोलून दाखवलं.

नियम धाब्यावर बसवूनच कोणी निघालं तर काय होतं, याचं उदाहरण २८ नोव्हेंबर २०१६ चं आहे. लामिया कंपनीचं विमान ब्राझीलच्या शापेकोएन्से फुटबॉल संघाला घेऊन बोलिव्हियातून मेदेयीनला निघालं. प्रवासाला जेवढा वेळ लागणार, तेवढंच टाकीतलं इंधन पुरणार, असं उड्डाण-आराखड्यात उघड लिहिलेलं होतं. पर्याय नाही, आकस्मिक नाही, तीस मिनिटं नाहीत. मेदेयीनजवळ दुसऱ्या विमानाला आधी उतरू दिलं म्हणून थोडा वेळ थांबावं लागलं, आणि तो थोडा वेळ टाकीत नव्हता. ७७ पैकी ७१ जण मृत्यू पावले.

पैशाचा विषय या सगळ्याच्या शेजारीच बसलेला असतो. विमानाचं इंधन, एटीएफ, राज्याराज्यांत वेगवेगळ्या करांमुळे वेगवेगळ्या भावाने मिळतं. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी त्यावरचा व्हॅट २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. भाव कमी तिथे जास्त भरून घ्यायचं, महाग विमानतळावर भरायचंच नाही, ही युक्ती कंपन्या सर्रास वापरतात. कायदा त्याला आडवा येत नाही. तो फक्त तळ सांगतो, छत सांगत नाही.

आता पुन्हा मुंबईत अडकलेल्या त्या साहेबांकडे. पुण्यावरचा पाऊस ओसरला, आता वीस-पंचवीस मिनिटांचंच तर अंतर, मग विमान तासभर का हलत नाही? पार्किंगची जागा, उड्डाणाची वेळ, चालक दलाच्या ड्युटीचे तास, ही कारणं आहेतच. पण इंधनाचा टँकरही यायचा असतो, कारण मुंबई-पुणे हे कायद्याच्या दृष्टीने नवं उड्डाण आहे आणि सगळा हिशेब पहिल्यापासून मांडायचा. प्रवासाचं इंधन सव्वा टन. त्याच्या पाच टक्के म्हणजे साठ-पासष्ट किलो, पण इथे दुसरं कलम लागू होतं: आकस्मिक साठा पाच मिनिटांच्या घिरट्यांपेक्षा कमी चालत नाही, म्हणून दोनशे किलो. पुण्यात पुन्हा जमलं नाही आणि तोवर मुंबईही बंद झाली तर? म्हणून पर्याय हैदराबाद, अडीच टनांच्या आत-बाहेर. रांगेत सरकायला दोनशे. आणि तीस मिनिटांचे अकराशे-बाराशे. सव्वा टन जाळणाऱ्या या छोट्या टप्प्यासाठी विमान पाच टनांहून जास्त इंधन घेतं, आणि सगळं सुरळीत झालं तर त्यातलं चार टन लोहगावला टाकीतच उरतं.